शर्यतीच्या मार्गाची पहिली निवड

मुंबईहून चेन्नईस जाणारा लोहमार्ग सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर गांवावरून जातो. तेथील एखाद्या तरुणास शर्यतीच्या मार्गावर मोटार प्रथमच चालवावयाची झाल्यास त्यानें कोठें जावें, याचें उत्तर या मार्गांच्या इतिहासांतच सांपडतें.

मोटारींसाठीं मुद्दाम बांधलेला मार्ग इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं खुला झाला. भारतांतील हौशी मंडळींना मात्र दीर्घकाळ विमानांच्या धावपट्ट्यांवरच भागवावें लागलें. मद्रासजवळील शोलावरमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील; तिच्यावर पुढें अनेक वर्षें शर्यती झाल्या. सरळ पट्टीवर वेग सहज येतो. तो आवरण्याचें कसब वळणावर लागतें. १९९० सालीं इरुंगाट्टुकोट्टै येथें सुमारें ३·७ किलोमीटरांचा स्वतंत्र मार्ग झाला. २००३ सालीं कोइमतूरजवळ सुमारें २ किलोमीटरांचा ‘कारी’ मार्ग आला, आणि २०११ सालीं ग्रेटर नोएडा येथें ५ किलोमीटरांहून लांब ‘बुद्ध’ मार्ग खुला झाला.

कीर्ति ऐकून नवशिका ‘बुद्ध’कडे ओढला जातो. परंतु तेथील एक सरळ पट्टा किलोमीटरभराहून लांब आहे. त्याच्या शेवटीं ब्रेक दाबण्यास क्षणाचा उशीर झाला, तर चूक मोठ्या वेगांत घडते, आणि ती जिवावर बेतूं शकते. ‘कारी’चा फेरा लहान, वेग मर्यादित, चुकलेलें वळण थोड्याच वेळांत पुन्हा समोर येतें आणि चूक सुधारतां येते. घोड्यावर बसावयास शिकणाराहि प्रथम रिंगणांतच फिरतो.

तेव्हां जेऊरच्या तरुणानें दक्षिणेची वाट धरावी, पण पहिला धडा कोइमतूरला घ्यावा. चेन्नई व नोएडा त्यानंतर.