शॅल-विलची वाटणी

‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. वचन, निर्धार किंवा धमकी असेल तर नेमकं उलटं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी हा नियम घोकला. इंग्रजी शिकणाऱ्याला चकवणाऱ्या शब्दजोड्या पुष्कळ आहेत, पण या जोडीचं कूळ शोधत मागे गेलं की आपण चक्क एका गणितज्ञाच्या दारात उभे राहतो.

जॉन वॉलिस हे त्याचं नाव. अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह वापरात आणणारा, इंग्लंडच्या यादवीत पार्लमेंटसाठी सांकेतिक लिपीतली पत्रं उलगडणारा आणि 1649 पासून ऑक्सफर्डला भूमिती शिकवणारा. 1653 मध्ये त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, कारण ते परदेशी विद्वानांच्या हाती जायचं होतं. ‘शॅल’ कुठे आणि ‘विल’ कुठे, याने परके गांगरतात हे त्याने हेरलं होतं. मग त्याने पुरुषांनुसार वाटणी करून दिली: प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसतं भाकीत करतं, ‘विल’ वचन देतं किंवा धमकावतं, द्वितीय आणि तृतीय पुरुषी दोघांची कामं बदलतात.

ही वाटणी त्याने मनाने रचली असं मला वाटत नाही. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’चा अर्थ होता देणं लागणं, बांधील असणं, ‘विल’चा अर्थ इच्छा असणं. भविष्यकाळ या दोन्ही शब्दांना नंतर चिकटला. आता स्वतःबद्दल बोलताना ‘इच्छा’ हा शब्द आला की त्यात निर्धार आपसूक डोकावतो, कारण आपलं मन आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याबद्दल बोलताना ‘बांधील’ म्हटलं की आपण त्याच्यावर सक्ती लादतो. म्हणून साध्या भाकितासाठी ‘मी’कडे एक शब्द गेला आणि ‘तू’, ‘तो’कडे दुसरा. वॉलिस मूळचा केंटचा, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातला, आणि त्याने तिथलंच बोलणं टिपलं असावं. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मात्र लोक ‘विल’ सर्रास सगळीकडे वापरत.

परक्यांना हात द्यायला लिहिलेली ही सूचना अठराव्या शतकात घरच्यांवर कायदा म्हणून लादली गेली. 1762 मध्ये रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणात ती आली, 1795 मध्ये लिंडली मरे यांच्या पुस्तकात, आणि मरे यांचं पुस्तक तर शाळाशाळांत पोचलं. मग बुडणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट जन्माला आली. बिचारा ओरडतो, ‘आय विल ड्राऊन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचं असतं, मी बुडतोय, कुणी वाचवणार नाही. नियमाने अर्थ निघतो, मला बुडायचंच आहे, खबरदार कुणी वाचवलंत तर! काठावरचे नियम पाळणारे लोक त्याला बुडू देतात. नियमाच्या नावाखाली परक्याला हसणं मला क्रूर वाटतं, कारण हा नियम मुळात त्याच्याच सोयीसाठी लिहिला गेला होता.

1906 मध्ये फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये या जोडीवर पानंच्या पानं खर्ची घातली आणि मान्य केलं की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येतं, इतरांना जवळजवळ अशक्य आहे. मला हे पटतं. ‘मी येईन’ आणि ‘मी येणार’ यांतला फरक मराठी मूल नियमाशिवाय पाळतं. बाहेरच्याला तो समजावायला बसलं तर आपलीच तारांबळ उडते. 1925 मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी नाटकांतले संवाद तपासले, तेव्हा प्रथमपुरुषातही ‘विल’चंच राज्य दिसलं. नियम आणि बोलणं यांची फारकत कधीच झाली होती.

तरी नियम आपल्याकडे टिकला. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले कादंबरीकार. त्यांनी एच. मार्टिन यांच्यासह केलेलं व्याकरण 1930च्या दशकात निघालं आणि आजही दुकानांत मिळतं. ‘शॅल-विल’चे धडे आपण त्यातूनच गिरवले.

दरम्यान ‘शॅल’ने स्वतःची वाट धरली. 20 मार्च 1942 रोजी ऑस्ट्रेलियातल्या टेरोवी स्टेशनवर फिलिपिन्स सोडून आलेले अमेरिकी जनरल मॅकआर्थर म्हणाले, ‘आय शॅल रिटर्न’. वॉलिसच्या हिशेबाने हे कोरडं भाकीत. जगाने ती प्रतिज्ञा म्हणून ऐकली. आज शिकणाऱ्याने भविष्यकाळासाठी बिनदिक्कत ‘विल’ वापरावं. ‘शॅल’ ठेवावं ते ‘शॅल आय ओपन द विंडो?’सारख्या विचारणेसाठी. याशिवाय ते भेटेल कायद्यात. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात राज्यसंस्थेने काय करायचं आणि काय करायचं नाही हे ‘शॅल’नेच बांधलं आहे, आणि तिथे त्याचा अर्थ अजूनही तोच आहे: देणं लागणं.