अंग चोळणारे हात

भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या मुलखांत बाळंतिणीचें अंग चोळावयास कोणी यावें, असा प्रश्न पिढ्यान् पिढ्या कोणास पडला नाहीं. सुईण यावयाची. तेलाची वाटी, शेकाची शेगडी, कढत पाणी हें सारें तिच्या हुकमतींत असे. तान्ह्यालाही पसरलेल्या पायांवर घेऊन तीच चोळी. पुरुषाचें अंग रगडावें न्हाव्यानें, किंवा आखाड्यांतील जोडीदारानें. आवडनिवड विचारण्याचें कारणच नव्हतें. रूढीनें ती आधींच उरकली होती.

जुन्या ग्रंथांत मात्र गोष्ट इतकी सरळ नाहीं. कौटिल्य आपल्या अर्थशास्त्रांत राजाला न्हाऊं घालणें व त्याचें अंग चोळणें हीं कामें, ज्यांची सचोटी पारखलेली आहे अशा दासींवर सोंपवितो. कारागीर पुरुष नेमलेच तर ते दासींच्या देखरेखीखालीं असावेत, असें सांगतो. हा सुखोपभोगाचा विचार नव्हे. प्रकरण राजाच्या आत्मरक्षणाचें आहे. उटणीं आणि सुगंधी चूर्णें सेवकांनीं प्रथम आपल्या छातीस व दंडांस लावून पाहावींत, हा नियमही तेथेंच आहे. राजाला भय विषाचें होतें, आणि हात कोणाचा हें त्या भयानें ठरविलें.

‘मृच्छकटिका’ची गोष्ट याहून नाजूक. देवलांच्या संगीत नाटकामुळें ही कथा मराठी घरांस परिचित आहे. मूळ संस्कृत नाटकांतील संवाहक हा पाटलिपुत्राचा गृहस्थपुत्र. अंग चोळण्याची विद्या तो कला म्हणून शिकला आणि पुढें तीच त्याची उपजीविका झाली. उज्जयिनींत चारुदत्ताच्या पदरीं तो होता. धन्यास दारिद्र्य आल्यावर जुगाराच्या नादीं लागून दहा सुवर्णांच्या ऋणांत बुडाला. वसंतसेनेनें तें ऋण फेडलें. तेव्हां उतराई होण्यासाठीं तो काय देऊं करतो? स्वतःची सेवा नव्हे. आपली कला तिच्या परिवाराच्या हातीं द्यावी, एवढेंच तो सुचवितो. तिनें तेंही घेतलें नाहीं. पुढें तो भिक्षु झाला. आठव्या अंकांत मृतप्राय पडलेली वसंतसेना त्याच्यापुढें येते, तेव्हां तिला उठविण्यास तो हात देत नाहीं. जवळची वेल वांकवून तिच्या हातीं देतो. ज्याचें सारें आयुष्य दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्यांत गेलें, त्याचीच ही वेल!

भिक्षूंचा हा संकोच वैनगंगेच्या कांठालाही परका नसावा. पवनी येथें १९६९-७० च्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आले आहेत.

विलायतेंत हाच प्रश्न वेगळ्या रीतीनें पेटला. मालिशीच्या नांवाखालीं लंडनमध्यें चालणाऱ्या गैरप्रकारांवर १८९४ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलनें झोड उठविली. प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या परिचारिकांचीही त्यांत बदनामी होऊं लागली. त्याच वर्षीं त्यांतील चौघींनीं स्वतःची संस्था काढून नियम घातले: डॉक्टरच्या सांगण्यावांचून मालीश करावयाचें नाहीं, पुरुषांचें सर्वांगमर्दन, निकडीचे अपवाद वगळतां, करावयाचें नाहीं, जाहिराती फक्त वैद्यकीय पत्रांत द्यावयाच्या. १९२० मध्यें या संस्थेस राजसनद मिळाली आणि तींत पुरुषांनाही प्रवेश झाला. आजच्या फिजिओथेरपीच्या धंद्याचें एक मूळ या चौघींच्या नियमांत आहे.

संवाहकाच्या विद्येस कला हें नांव मिळालें. लंडनच्या परिचारिकांस सनद मिळाली. सुईणीस काय मिळालें? चरकसंहितेंत सूतिकागारांत अनेक वेळां प्रसवलेल्या, अनुभवी स्त्रिया असाव्यात, असें सांगितलें आहे. म्हणजे तिच्या जाणतेपणाची किंमत शास्त्राला ठाऊक होती. गांवाला मात्र तिचा हात हवा असे आणि तिचें ज्ञान मोजावेंसें वाटत नसे. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, एखादें लुगडें.

आतां बाळंतपणें रुग्णालयांत होतात. घरीं परतल्यावर मात्र भंडाऱ्याच्या गल्लींतून अजून चौकशी होते, ‘चोळायला कोणी बाई आहे का?’ पुरुष चालेल का, हें कोणी विचारीत नाहीं. आणि ती बाई हें कोठें शिकली, हेंही नाहीं.