स्लरीतील कणांचे लेसरमापन

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी भागातील सड्यांवर जांभ्याच्या थरांत बॉक्साइट आढळते. दुर्गमानवाडीच्या खाणीतील बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यासाठी काढण्यात आले. पुढे त्याचे शुद्धीकरण होते ते कार्ल बायर याने १८८० च्या दशकात शोधलेल्या पद्धतीने. दळलेल्या बॉक्साइटमधील अ‍ॅल्युमिना तप्त कॉस्टिक सोड्यात विरघळतो; लाल चिखल वेगळा करून निवळ द्राव थंड करतात व त्यात हायड्रेटचे बारीक स्फटिक ‘बियाणे’ म्हणून टाकतात. त्यांवर नवा थर चढत जातो. घन कण व द्रव यांचे हे दाट मिश्रण, म्हणजेच स्लरी, टाक्यांतून तासन्‌तास वाहत असते.

येथे कणाचा आकार निर्णायक ठरतो. धातू गाळण्यासाठीच्या अ‍ॅल्युमिनात ४५ मायक्रॉनपेक्षा (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आत असावे लागतात. ते वाढले की भट्टीपाशी धूळ उडते आणि तयार माल वाया जातो. नमुना धुऊन, वाळवून, चाळून उत्तर हाती येईपर्यंत टाकीतील माल पुढे गेलेला असतो. म्हणून लेसर.

लेसरझोतात मोठा कण आला की प्रकाश अल्प कोनात विखुरतो, लहान कणामुळे मोठ्या कोनात. या विखुरण्यावरून आकारांचे वितरण गणिताने काढता येते. मात्र दाट स्लरीत एका कणावरून निघालेला प्रकाश दुसऱ्यावर आदळतो आणि हिशेब फसतो. त्यामुळे नमुना आपोआप काढून, पातळ करून काचेच्या कोषातून सोडावा लागतो.

दुसरी रीत थेट प्रवाहात चालते. नळीत बसविलेल्या शोधकाच्या टोकाला नीलमण्याची खिडकी असते; तिच्यामागून लेसरचा सूक्ष्म ठिपका सतत गोल फिरतो. ठिपका कणावरून जाईपर्यंत प्रकाश परत येत राहतो. ठिपक्याचा वेग सेकंदाला २ मीटर आणि परावर्तन २५ मायक्रोसेकंद टिकले, तर त्या कणाची जीवा ५० मायक्रॉन. जीवा, व्यास नव्हे. ठिपका कणाच्या मध्यातूनच जाईल याची खात्री नसते. त्यामुळे हे आकडे चाळणीच्या आकड्यांशी जसेच्या तसे जुळत नाहीत, व तशी अपेक्षाही धरू नये. बारीक कण वाढू लागल्याची चाहूल लवकर लागते, हाच त्यांचा उपयोग. खरी डोकेदुखी खिडकीची: टाकीच्या भिंतीवर बसणारी हायड्रेटची खपली तिच्यावरही बसते, आणि मग यंत्र त्या खपलीचेच माप सांगू लागते.