टाकीवरचं नाव: फ्रीजच्या गॅसला कस्टमच्या पुस्तकात जागा कशी मिळाली

मंडळी, आज राजकारण नाही. आज फ्रीजच्या गॅसवर लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या घरातलाच आहे.

उन्हाळ्यात आमचा जुना फ्रीज थंड करेना. अनसिंगच्या बाजारातल्या मिस्त्रीभाऊंना बोलावलं. ते निळसर टाकी घेऊन आले, गेज लावलं आणि बघतच राहिले. म्हणाले, "दादा, टाकीवर लिवलं १३४ए, पण गेज कायतरी दुसरंच सांगून रायलं. ह्यातला मी नाई भरत." टाकी परत नेली, वाशिमहून दुसरी आणली, मग फ्रीज सुरू झाला.

माझ्या डोक्यात मात्र प्रश्न राहिला. टाकीवर एक आणि आत दुसरं, हे तपासतं कोण? मिस्त्रीच्या हातात येते ती शेवटची पायरी. परदेशातून येणाऱ्या मालाची पहिली तपासणी बंदरावर होते, न्हावाशेवासारख्या ठिकाणी. आणि तिथं सगळा कारभार चालतो एका जाड पुस्तकावर.

जगात खरेदी-विक्री होणाऱ्या प्रत्येक वस्तूला या पुस्तकात आकडा असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. किती कर लागेल, परवाना हवा की नको, सगळं त्या आकड्यावर ठरतं. बाजार समितीत सोयाबीन, तूर, हरभरा यांची आवक वेगवेगळी लिहितात तसंच हे. समजा, उद्या सगळ्यांची नोंद नुसती "धान्य" म्हणून केली, तर तूर किती आली हे कुणाला सांगता येईल? फ्रीजच्या गॅसचं अनेक वर्षं नेमकं हेच झालं.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत १९२८ साली थॉमस मिजली या इंजिनिअरच्या गटाने आर-१२ हा गॅस फ्रीजसाठी शोधला. जळत नाही, विषारी नाही, म्हणून जगभर पसरला. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये फ्रीज बनवायला सुरुवात केली, त्या पिढीचे फ्रीज याच गॅसवर चालायचे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की यातला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे आलं. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला.

आता तारखा बघा. करारानंतर साडेतीन महिन्यांनी, १ जानेवारी १९८८ ला, कस्टमचं हे जागतिक पुस्तक लागू झालं. (भारताने आपला दरपत्रक-कायदा १९८६ मध्येच त्याच धर्तीवर आणला होता.) पण पुस्तक आधीच तयार झालेलं. त्यात या गॅसांना स्वतंत्र जागा नव्हती, सगळे एकाच खान्यात कोंबलेले. म्हणजे करार म्हणतो कमी करा, आणि किती आलं हे बंदरावरच्या कागदात दिसत नाही.

आर-१२ ला स्वतःचा आकडा मिळाला १९९६ च्या पुस्तकात: २९०३.४२. करारानंतर नऊ वर्षांनी. तोवर भारतही करारात आला होता, १९९२ साली. त्याआधी १९९० च्या लंडन परिषदेत मनेका गांधींनी पर्यावरण मंत्री म्हणून ठणकावून सांगितलं होतं की श्रीमंत देशांनी केलेल्या घाणीचा खर्च गरिबांनी का सोसावा. गरीब देशांच्या मदतीसाठी निधी तिथंच ठरला. आपल्याकडे २००० साली ओझोनचे नियम आले, आयातीला परवाना लागू झाला, आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या पंपासारखा अपवाद सोडला तर या जातीच्या गॅसांचं उत्पादन थांबलं. हे आपण मुदतीच्या आधी केलं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

मग आला आर-२२, एसीवाला. त्याच्यातही क्लोरीन, फक्त कमी. त्याला स्वतंत्र आकडा मिळाला २०१२ मध्ये.

आणि तिसरी पिढी म्हणजे एचएफसी: माझ्या फ्रीजमधला १३४ए, नव्या एसीतला आर-३२. यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही. पण पृथ्वी तापवण्यात हे पटाईत. एक किलो १३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ ला रवांडातल्या किगाली शहरात करारात दुरुस्ती झाली. भारताने तिला सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली.

तोपर्यंत पुस्तकात एचएफसी कुठं होते माहितीये? २९०३.३९, "इतर" या खान्यात. त्याच खान्यात मिथाइल ब्रोमाइडही होता, गोदामातल्या धान्याला धुरी द्यायला वापरतात तो. गाडीच्या एसीचा गॅस आणि गोदामातलं कीटकनाशक एकाच आकड्यात! १ जानेवारी २०२२ पासून ही गर्दी फुटली. १३४ए ला २९०३.४५ मिळाला. मिश्रणांना ३८२७ हे नवंच घर मिळालं. कारण शुद्ध रसायन एकोणतिसाव्या प्रकरणात, आणि मिश्रण झालं की अडतिसाव्यात. आर-३२ आणि १२५ निम्मेनिम्मे मिसळले की आर-४१०ए होतो, आणि त्याचं प्रकरणच बदलतं. गंमत म्हणजे आर-३२ ला जो आकडा मिळाला तो २९०३.४२, एकेकाळचा आर-१२ चा!

तिन्ही वेळा गॅस आधी, करार नंतर आणि नाव सगळ्यात शेवटी. ज्याला नाव नाही त्याची मोजणी नाही, आणि मोजणी नसेल तर मर्यादा घालणार कशावर?

खोटं नाव सांगण्यात पैसा असतो, हेही लक्षात घ्या. परवाना लागणारा गॅस परवाना न लागणाऱ्याच्या नावाने आणायचा, ही जगभरची जुनी युक्ती. डिसेंबर २०२१ मध्ये भारताने चीनच्या आर-३२ वर आणि एचएफसी मिश्रणांवर पाच वर्षांसाठी अँटी-डम्पिंग कर लावला. कर आला की नाव बदलण्याचा मोह आलाच. गॅस बिनरंगी, टाकी बंद, बाहेरून काय कळणार? तपासायला यंत्र लावावं लागतं.

खोट्या नावाने माणसंही मेली आहेत. २०११ मध्ये शीत कंटेनरमध्ये १३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला. तो ॲल्युमिनियमशी मिळून स्फोटक बनतो. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार गेले. आपल्या मिस्त्रीभाऊंसारखेच.

आता आपल्याशी थेट संबंध. किगालीनुसार भारताची कमाल मर्यादा ठरणार आहे ती २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या एचएफसी वापराच्या सरासरीवर, अधिक आर-२२ जातीच्या गॅसांच्या जुन्या कोट्याचा ६५ टक्के भाग. वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात. २०२८ ला वापर गोठणार, २०३२ ला १० टक्के कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. म्हणजे या तीन वर्षांत बंदरावर जो गॅस चुकीच्या नावाने नोंदला गेला, तो हिशेबातून गायब. पुढे गॅस कमी पडेल, महागेल, आणि भेसळीची टाकी सगळ्यात आधी पोचेल ती खेड्यातल्या मिस्त्रीकडे. आरोग्य केंद्रातल्या लसीचा फ्रीज असो की डेअरीतला दुधाचा कूलर, दुरुस्तीला तोच येतो.

आपण एवढं करू शकतो. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं, ते वाचा. नव्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो, तो जळणारा आहे. त्यात दुसरा गॅस भरू देऊ नका. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आणि बिलावर गॅसचं नाव लिहून घ्या.

मिस्त्रीभाऊंनी मला बिल दिलं, त्यावर नुसतं "गॅस भरणे" होतं. मी म्हटलं, कोणता तो लिहा. हसले. "दादा, कस्टमवाले झाले काय तुमी?" पण लिहिलं: आर-१३४ए, १२० ग्रॅम.

तुमच्याकडच्या शेवटच्या बिलावर काय लिहिलंय? बघून खाली सांगा.