किल्ल्या सांभाळणारी माणसे

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाई डोळ्यांसमोर येते. १८५८ चा वेढा, राणीचे किल्ल्यातून निसटणे, शहराची लूट हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नोकरी-व्यवसायानिमित्त टहरौली, गुरसराय, मऊरानीपूर या भागात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांना तर हा इतिहास जास्तच जवळचा. पण त्याची मराठीतील सर्वात जिवंत हकिगत आपल्यापर्यंत पोहोचली कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कार्यकारिणीने स्मरणिकेसाठी ऐतिहासिक विषयावर लेख मागितला, तेव्हा याच प्रश्नावर लिहायचे ठरवले. मी इतिहासकार नव्हे, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनिअर. तेव्हा वाचकांनी लेख त्याच दृष्टीने वाचावा.

रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई नावाचे गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या वेळी ते झाशीतच होते. सर ह्यू रोजच्या फौजेने एप्रिल १८५८ मध्ये शहर घेतल्यावर जे घडले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. संस्थानाच्या नामांकित ग्रंथसंग्रहाची नासधूस कशी झाली, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी, ज्यांच्या घराण्याचे ते उपाध्याय होते त्या चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकिगत मोडीत लिहिली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, मात्र भाषेवर हात फिरवून आणि मजकुरात फेरफार करून. काळ इंग्रजी अमलाचा होता, हे ध्यानात घ्यायला हवे.

म्हणजे गोडसे भटजींचे खरे शब्द त्या मोडी बाडातच राहिले. वैद्यांनी १९२२ मध्ये ते बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली केले. मंडळाचे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी त्यावरून मूळ संहिता सिद्ध करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. मध्ये ४४ वर्षे गेली. तेवढ्यात एक महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, राज्ये बदलली. एवढा काळ ते बाड जागच्या जागी राहिले आणि हवे तेव्हा सापडले. ज्या झाशीचा राजसंग्रह लुटीत गेला, त्या झाशीची साक्ष वर्गणीवर चालणाऱ्या एका मंडळाच्या कपाटात टिकली.

हे मंडळ वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापन केले. त्या वेळी पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारच्या ताब्यात होते आणि आपल्या अभ्यासकांना ते सहज खुले नव्हते. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर आले ते १९३० नंतर. म्हणून राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरची दप्तरे धुंडाळत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पानिपतच्या काळातील त्या पत्रव्यवहारात आपल्या बुंदेलखंडाचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेली पत्रेही आहेत. पण गोळा केलेले कागद एका माणसाच्या झोळीत किती दिवस राहणार? त्यासाठी संस्था हवी होती.

मंडळाची रीत साधी होती. सभासदांनी वर्गणी द्यायची, कार्यकारी मंडळ आणि चिटणीस निवडायचे, पाक्षिक सभेत नवा सापडलेला कागद वाचायचा आणि तो वार्षिक इतिवृत्तात किंवा त्रैमासिकात छापायचा. लोकांनी विश्वासाने आणून दिलेल्या वस्तूंतून हळूहळू मोठा संग्रह झाला. आज तिथे लाखो मोडी कागद, हस्तलिखिते, जुनी चित्रे, नाणी, ताम्रपट आणि मूर्ती आहेत.

सगळे गोडीगुलाबीने चालले असे मात्र नाही. राजवाडे मोठे विद्वान, पण स्वभाव करारी. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले, आणि १९२७ मध्ये तिथल्या मंडळींनी त्यांच्या नावाने दुसरे संशोधन मंडळ उभे केले. संस्थापकच दूर झाल्यावर बहुतेक संस्था बसतात. पुण्याचे मंडळ बसले नाही, कारण पोतदारांसारखे चिटणीस वर्षानुवर्षे पत्रे, सभा आणि हिशेब पाहत होते. ग. ह. खरे यांनी तर आयुष्याची उमेदीची वर्षे तिथे घातली. फारसी कागद, नाणी, मूर्ती या सर्वांचा त्यांनी अभ्यास केला. १९३९ चा त्यांचा ‘मूर्तिविज्ञान’ हा ग्रंथ आजही अभ्यासक काढून पाहतात.

रेल्वेत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. स्टोअरमधली प्रत्येक वस्तू रजिस्टरशी ताडून पाहायची, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करायची, मगच किल्ल्या हातात. वस्तू कोणाच्याच मालकीच्या नसतात, पण जबाबदारी कोणाची हे त्या सहीवरून ठरते. संग्रहालयाच्या कार्यकारिणीचे कामही मला याच जातीचे वाटते. अध्यक्षपदाचा हार एका दिवसाचा, किल्ली मात्र तीन-पाच वर्षांची. ती पुढच्याला देताना कपाटात काय होते आणि काय आहे, हे कागदावर जुळले पाहिजे. बिनपगारी कामाचा एक तोटाही आहे: वेळ लागतो. गोडसे भटजींच्या मूळ शब्दांना ४४ वर्षे थांबावे लागले, हा उशीरच. पण नोंद होती म्हणून तो नुसता उशीर ठरला. नोंद नसती तर बाड कायमचेच गेले असते.

आता आपल्याकडे वळू. गुरसरायला मराठी जहागीरदारांचे ठाणे होते. झाशी, जालौन, सागर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी आहेत. त्यांच्या घरी मोडी कागद, जुने फोटो, लग्नपत्रिका, देवघरातल्या पोथ्या असतात. मोडी वाचणारी पिढी गेली. परिचयातल्या एका घरी वाडा पाडताना ट्रंकभर कागद निघाले. वाळवीने निम्मे खाल्ले होते, उरलेले रद्दीत गेले. त्यात काय होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

आपले मंडळ लहान आहे. आपल्याला संग्रहालय काढायचे नाही, जागा नाही आणि पैसाही नाही. पण उत्सवाच्या वर्गणीसाठी आपण दरवर्षी घरोघर जातोच. त्या फेरीत एक वही सोबत न्यावी. कोणाच्या घरी काय आहे, किती जुने आहे, कोणी दिले, एवढे लिहावे. घरच्यांची परवानगी असेल तर मोबाइलवर फोटो काढावा. वस्तू त्यांच्याच घरी राहू द्यावी. मोडी जाणणाऱ्यांकडून फोटोवरून मजकूर वाचून घेता येईल. आणि दरवर्षी नवी कार्यकारिणी निवडली की जमाखर्चाच्या वहीबरोबर ही वहीही सही करून तिच्या हवाली करावी.

काम एका सभासदाचे नाही, दोन-तीन जण हवेत. मी माझे नाव देत आहे. आणखी कोण येणार, ते विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या बैठकीत सांगावे. वही मी घेऊन येईन.