सुवासिनी, भगिनी आणि आई : बडोद्यातल्या बायकांच्या बैठका

बडोद्यातल्या मराठी माणसांचा इतिहास लिहायला बसलं की गाडी ठरलेल्या रुळावरून धावते. पिलाजीराव, दमाजीराव, १७३४ मध्ये गायकवाडांच्या हाती कायमचं आलेलं बडोदं, १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव, कलाभवन, राजवाडे, तालमी. हे सगळं हवंच. पण गुजराती मुलखात मराठी कुटुंबं रुजली कशी, घरात मराठी तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत बोलली गेली कशी, याचं उत्तर या यादीत नाही. मी पेशाने इंजिनिअर. इमारत बघताना घुमटाआधी भार कशावर पेललाय ते बघायची सवय. म्हणून या लेखात लिहितो ते बायकांच्या बैठकांबद्दल, त्यातही लेकुरवाळ्या आयांच्या.

बडोद्याच्या मराठी घरांतल्या कित्येक सुना बाहेरून आलेल्या. राजवाडाही त्याला अपवाद नव्हता. सयाजीरावांच्या पहिल्या राणी तंजावरच्या. त्यांच्या निधनानंतर १८८५ मध्ये आलेल्या महाराणी चिमणाबाई देवासच्या घाटगे घराण्यातल्या. सरदारापासून कारकुनापर्यंत रीत तीच. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. पण दुसरं, तिसरं? मुंबईच इथून रेल्वेने जवळजवळ ३९० किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, ग्वाल्हेर त्याहून लांब. थोरल्याची शाळा बुडवून, घर उघडं टाकून दरवेळी कोण जाणार? मग अंगाला तेल कोणी लावायचं, धुरी-शेक कोणी द्यायचा, बाळ रात्रभर रडलं तर 'होतं असं, घाबरू नकोस' हे कोणी सांगायचं? सासू असली तरी सगळंच सासूला विचारता येत नाही.

या अडचणीवरची जुनी व्यवस्था म्हणजे हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगुळाचं. शिवाय मंगळागौर, भोंडला, डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण. नुसत्या धार्मिक अंगाने पाहिलं तर ही व्रतवैकल्यं; पण वर्षभराचं वेळापत्रक मांडून बघा. घराबाहेर पडायला कारण लागणाऱ्या बाईला दर महिना-दोन महिन्यांनी कुठलं तरी अधिकृत कारण मिळत होतं. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरांमधल्या आजी-काकूंशी बोललो तेव्हा पन्ह्या-डाळीइतकाच एक उल्लेख पुन्हा पुन्हा आला : तिथेच कळायचं, कोणाकडे आळीव मिळेल, कोणती बाई तेल लावायला चांगली.

मात्र या व्यवस्थेला दार होतं आणि ते सगळ्यांना उघडत नव्हतं. बोलावणं सुवासिनीला. नवरा गेला की बाईचं नाव यादीतून गळायचं, मग पदरात लहान मूल का असेना. म्हणजे आधाराची गरज सगळ्यात जास्त असते, नेमका तेव्हाच धागा तुटायचा. शिवाय जातीप्रमाणे बोलावणी वेगळी, आणि सरदार घराण्यांत गोषा.

हे दार हळूहळू रुंदावलं. संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यभर लागू झालं. ते मुलींनाही होतं. १९१० पासून विल्यम बोर्डन यांच्या देखरेखीखाली ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. १९१४ मध्ये चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघालं. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा चिमणाबाईच होत्या. या तारखा आपल्याला पाठ असतात. माझं लक्ष आहे ते शब्दाकडे. याच काळात मराठी मुलखात ठिकठिकाणी भगिनी मंडळं, महिला मंडळं, भगिनी समाज निघत होते. 'सुवासिनी' ऐवजी 'भगिनी'. सुवासिनीपण नवऱ्यावर अवलंबून. भगिनी व्हायला वर्गणी भरली की पुरे. कागदावर एवढासा फरक, पण विधवेला आणि परजातीच्या शेजारणीला एकाच सतरंजीवर बसता यायला तो पुरेसा होता. लगेच सगळ्या बसल्या असं नाही. पण वाट झाली.

दुसरी लाट आली ती कारखान्यांची. १९६२ मध्ये खत कंपनी, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्स. महाराष्ट्रातून इंजिनिअर, फिटर, केमिस्ट आले. त्यांच्या बायका पंचविशीच्या आत-बाहेर, कडेवर मूल. इथे आळी नाही, कॉलनीतलं क्वार्टर. नवरा तीन पाळ्यांत. रात्रपाळीला घरात फक्त ती आणि तापलेलं बाळ. या बायकांनी उभी केली ती भिशी.

अशाच एका कॉलनीतली भिशीची वही आमच्या घरी आहे. बारा बायका, महिना पाच रुपये, रकाने आखलेले : नाव, पैसे, कोणाला लागली, शेरा. प्लॅंटमधलं लॉगबुक वाचावं तशी मी ती वाचली. आकड्यांपेक्षा शेरा बोलका. 'बाळंतीण.' 'पोराला गोवर.' 'सासूबाई आल्या.' पहिल्या वर्षी दर महिन्याला चिठ्ठी टाकलेली दिसते. दुसऱ्या वर्षापासून जिला दिवस भरत आलेत तिला चिठ्ठी न टाकताच रक्कम दिलेली. नियम बदलल्याचा ठराव कुठेच लिहिलेला नाही. पुढे एका बाईचा नवरा अपघातात गेला. तिचं नाव पुढच्या महिन्यात त्याच ओळीवर आहे, आणि तीन महिने त्यापुढे 'भरले' एवढंच. कोणी भरले, ते नाही.

गुजराती शेजारणीही यात आल्या. बाळंतशेपा आणि सुवा एकच, हे दुकानात नाही तर अशा बैठकीत कळलं. डिंकाच्या लाडवांबरोबर काटलुं आलं. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करायला आत्या हवी. गुजरातीत तो मान फोईचा. सख्खी आत्या कोल्हापुरात अडकली की शेजारची बेन पुढे व्हायची. असे 'फोई'चे भाचे आज पन्नाशीत आहेत आणि ते नातं अजून पाळतात.

आणि मराठीचं काय? मुलं शाळेत, मैदानावर गुजराती-हिंदी बोलायची. पण आया बसलेल्या खोलीत रांगत, खेळत त्यांच्या कानावर आठवड्यातून दोन-तीन तास घराबाहेरची मराठी पडायची. एकट्या आईच्या मराठीला ते जमलं नसतं.

एका काकूंना या बैठकांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "अरे, त्यात कसला रे इतिहास? आम्ही नुसत्या बसायचो." या 'नुसत्या बसण्या'चे कागद मात्र झपाट्याने जाताहेत. वाडे पाडून फ्लॅट होताहेत, क्वार्टरं रिकामी होताहेत, आणि दप्तरखान्यात बारा बायकांची भिशी कोणी जमा करत नाही. तेव्हा मंडळींना विनंती : घर आवरताना भिशीच्या वह्या, हळदीकुंकवाच्या याद्या, बारशाचे फोटो रद्दीत घालू नका. फोटोमागे नावं लिहून ठेवा. आणि 'अमक्यांच्या सौ.' असं नको. त्या बाईचं स्वतःचं नाव विचारून लिहा. ते सांगणाऱ्या मैत्रिणी अजून आहेत.