पैज, पण आणि शर्यत

‘शर्यत’ हा शब्द कानी पडला की सातारा-सांगलीकडील माणसाच्या डोळ्यांसमोर खिलार बैलांची छकडी उभी राहते. मुंबई-पुण्याच्या माणसाला महालक्ष्मीचे किंवा पुण्याच्या लष्करातील रेसकोर्स आठवते. मूळ अरबी शब्दात मात्र ना बैल आहे, ना घोडा, ना धावणे. ‘शर्त’ म्हणजे अट, करार. कोण पुढे जाईल याविषयी दोघांनी अट घातली आणि अटीचे नाव त्या धावण्यालाच मिळाले. ‘बिनशर्त’ या शब्दात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. पैजेची भाषा शिकू पाहणाऱ्या नवख्याने प्रथम हेच ध्यानात घ्यावे: शर्यत मैदानावर होते, करार मैदानाबाहेर होतो, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसरा शब्द ‘पैज’. संस्कृत ‘प्रतिज्ञा’ प्राकृतातून घासत घासत मराठीत आली ती पैज होऊन. जुन्या मराठीत तिचा अर्थ प्रतिज्ञा असाच आहे. माणूस पैज घेई ती स्वतःच्या कर्तृत्वावर. पुढे ती दुसऱ्याच्या पायांवर लावता येऊ लागली. तिसरा शब्द ‘पण’, म्हणजे डावावर ठेवलेली वस्तू. द्यूतसभेत युधिष्ठिराने राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी पणाला लावली, तो हा पण. करार, प्रतिज्ञा आणि गमावण्याची वस्तू अशा तीन कल्पना या तीन शब्दांत आहेत. आजच्या रेसकोर्सवरील सारी परिभाषा या तिहींचाच विस्तार आहे.

घोड्यावरील पैजेची आपल्याकडील एक प्रसिद्ध कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. उच्चैःश्रवा हा घोडा संपूर्ण पांढरा आहे, असे विनता म्हणाली. त्याचे शेपूट काळे आहे, असे कद्रू म्हणाली. जी हरेल तिने दुसरीची दासी व्हायचे, हा पण. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना घोड्याच्या शेपटीत काळे केस होऊन राहण्यास सांगितले आणि ती जिंकली. निकाल आधीच ठरवून ठेवणारा मनुष्य पैजेइतकाच जुना आहे, हे या कथेवरून उघड होते.

आपल्या स्मृतिकारांनी या विषयाचा काटेकोर विचार केलेला आहे. निर्जीव साधनांनी, म्हणजे फाशांनी, खेळायचे ते ‘द्यूत’ आणि सजीव प्राण्यांवर पण लावून खेळायचे ते ‘समाह्वय’, हा भेद मनुस्मृतीत सांगितला आहे. मनू दोहोंचाही राज्यातून उच्छेद करावा असे म्हणतो. याज्ञवल्क्याची वाट वेगळी आहे. खेळ राजाच्या देखरेखीखाली, नेमलेल्या सभिकाच्या जागेत चालावा, जिंकणाऱ्याकडून ठरावीक हिस्सा घ्यावा, आणि हाच नियम समाह्वयालाही लागू करावा, असे तो सांगतो. कौटिल्याचा द्यूताध्यक्षही जिंकलेल्या रकमेतून शंभरास पाच घेतो. एक म्हणतो बंद करा. दुसरा म्हणतो एका जागी आणा आणि कर घ्या.

इंग्रजी अमदानीने दोन्ही वाटा एकदम चोखाळल्या. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरवला. जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल होणार नाही, असे सांगितले. त्याच कलमात एक अपवाद ठेवला: घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्याला द्यावयाचे बक्षीस पाचशे रुपये वा अधिक असेल, तर त्यासाठी दिलेली वर्गणी निरर्थक मानू नये. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही घोड्यांच्या शर्यतीला अशीच वाट ठेवलेली आहे. परवानाधारक रेसकोर्सच्या नेमून दिलेल्या आवारात, शर्यतीच्या दिवशी, लावलेली पैज ‘जुगार’ या व्याख्येबाहेर राहते. पुढे १९१२ साली रेसकोर्सच्या परवान्यांचा आणि १९२५ साली पैजेवरील कराचा कायदा आला. कुंपणाच्या आत याज्ञवल्क्य आणि कुंपणाबाहेर मनू, अशी ही व्यवस्था होय.

आता कुंपणाच्या आतील परिभाषा पाहू. घोडा पहिला येईल असे म्हणून लावलेली पैज ती ‘विन’. धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येनुसार पहिल्या दोनांत वा तिनांत येईल, ती ‘प्लेस’. पहिले दोन घोडे क्रमाने सांगणे म्हणजे ‘फोरकास्ट’, क्रमाविना सांगणे म्हणजे ‘क्विनेला’, आणि पहिले तीन क्रमाने सांगणे म्हणजे ‘टनाला’. लागोपाठच्या ठरावीक शर्यतींचे सर्व विजेते सांगावयाचे तो ‘जॅकपॉट’. या यादीत जसजसे खाली जावे तसतशी मिळकत मोठी दिसते आणि ती मिळण्याचा संभव लहान होत जातो.

पैसे लावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली बुकीकडे. तो ‘भाव’ सांगतो. ५/२ भाव म्हणजे २ रुपयांवर ५ रुपये नफा. १०० रुपये लावले आणि घोडा जिंकला तर २५० रुपये नफा व मूळचे १०० परत. हा भाव उलटा वाचावयास शिकले पाहिजे. ५/२ म्हणजे सातांपैकी दोन वेळा, सुमारे साडेअठ्ठावीस टक्के संभव. समजा, तीनच घोडे धावत आहेत आणि त्यांचे भाव बरोबरीचा, २/१ आणि ३/१ असे आहेत. त्यांचे संभव ५०, ३३ आणि २५ टक्के झाले, बेरीज १०८. शंभरावरचे हे आठ बुकीचे. कोणता घोडा जिंकेल हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. बेरीज शंभराच्या वर राहिली आणि पैसे सर्व घोड्यांवर योग्य प्रमाणात आले, की त्याचे काम झाले.

दुसरी तऱ्हा ‘टोट’ची. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पॅरिसमध्ये जोझेफ ओलर याने ती रूढ केली. येथे भाव कोणी ठरवीत नाही. सर्वांचे पैसे एका राशीत जमतात, त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. उदाहरणादाखल, एक लाखाच्या राशीतून २० टक्के वजा झाले तर ८० हजार उरले. विजेत्या घोड्यावर १० हजार लागले असतील तर रुपयाला आठ रुपये मिळतील. हरणाऱ्यांच्या पैशावाचून जिंकणाऱ्याला देण्यासारखे तेथे काहीच नसते, आणि वजावट मात्र दर शर्यतीत होतेच. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. कौटिल्याचे शंभरास पाच यापुढे फारच सौम्य वाटतात.

कृष्णाकाठी असे कुंपण नाही. सातारा आणि सांगली हे एकेकाळी बव्हंशी एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. माण, खटाव, आटपाडी, जत हा खिलार जनावरांचा मुलूख. येथे सपाट रानात अनेक छकड्या एकदम सुटतात. पुण्याकडच्या घाटात एकेक गाडा सेकंदांवर मोजला जातो. येथील शब्दही वेगळे आहेत. दुधाचे दात न पडलेला ‘आदत’, दोन दातांचा ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’. आधी ‘गट’, मग ‘सेमी’, मग ‘फायनल’. रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन सामना समतोल करतात, येथे दातांवरून जोड लावतात. हेतू एकच: निकाल आधी ठाऊक नसावा.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. हा वाद प्राण्यांच्या यातनांचा होता आणि तो तसाच असावयास हवा होता. त्याच न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला होता. पण आम्हांस असे वाटते की, कौशल्य घोड्याचे, जॉकीचे, गाडीवानाचे आणि बैल वाढवणाऱ्याचे असते. घोडा पारखून पैसे लावणाऱ्याचेही थोडे असते. मात्र वजावटीपुढे ते बहुधा पुरत नाही. बैलगाडीच्या मालकाने प्रवेश फी भरून बक्षिसासाठी उतरणे ही जुन्या अर्थाची पैज आहे, स्वतःच्या बळावरची प्रतिज्ञा. कडेला उभे राहून कुणी दुसऱ्याच्या बैलावर पैसे लावतो, तेव्हा ती पैज राहत नाही, पण होते. कायद्याने तर तो जुगारच आहे, कारण परवान्याचे आवार तेथे नाही आणि बैलासाठी अपवादही नाही.

मराठेशाहीच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. घोडा पडला तर नुकसान कोणाचे, हे त्या दोन शब्दांतच सांगितलेले असे. पैजेची परिभाषा शिकण्याचा उपयोगही इतकाच आहे. भाव, टोट, टनाला हे शब्द नीट समजले की पहिला प्रश्न सुचतो तो घोडा कोणता हा नव्हे, तर नुकसान कोणाचे हा. ज्याला त्याचे उत्तर आकड्यांत देता येते तो बहुधा शर्यत पाहतो, बैलाला वा घोड्याला दाद देतो आणि खिशातला हात खिशातच ठेवतो.